मैदानावरच्या निळ्या टिकल्या

हेमलता खटावकर यांच्या नाकाला सगळी वसंतवाटिका टरकून होती. कुणाच्या जिन्याखाली उंदीर मरून पडलाय, कुणी कालची डाळ फोडणी देऊन आज वाढलीय, कुठल्या टाकीचं झाकण महिनोन्‌महिने उघडं आहे, हे बाईंना दारातूनच कळायचं. आणि कळल्यावर गप्प बसतील त्या हेमलताबाई कसल्या! "शी! अहो, माणसं राहतात ना इथे?" असं खणखणीत मराठीत म्हणायच्या आणि समोरचा पंजाबी असला तर तेच पुन्हा हिंदीत ऐकवायच्या. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेल्या बाई. जन्मभर दुसऱ्यांच्या टिपणांतल्या चुका काढल्या, त्यामुळे जिभेला तेच वळण पडलेलं. लोक मागून हसायचे, पण जिना धुऊन घ्यायचे. पुढे त्यांना ज्या प्रकाराची किळस आली, तो मात्र फिनाईलने निघण्यातला नव्हता.

वसंतवाटिका म्हणजे पश्चिम दिल्लीतली चार मजली इमारतींची जुनी वसाहत. आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा विठ्ठलराव, म्हणजे हेमलताबाईंचे यजमान, पुण्याला परत जाऊ म्हणत होते. बाईंनी हा तळमजल्याचा फ्लॅट शोधून काढला. फ्लॅट कसला, दोन अंधाऱ्या खोल्या आणि भिंतीला ओल. पण स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर अख्खं मैदान होतं. बघायला आले तेव्हा मोटारीतून उतरल्या उतरल्या चिन्मय त्या मैदानात शिरला आणि कडेकडेने, रेलिंगला हात लावत, चालायला लागला. एक फेरी झाली, दुसरी झाली, पोरगं थांबेना. विठ्ठलराव म्हणाले, "झालं. आता पुणं विसरा."

चिन्मय त्यांचा थोरला. वय चौतीस, उंची बापाची, दाढी आई करून देते आणि समज सहा-सात वर्षांच्या मुलाची. त्याला रस्ता ओलांडता येत नाही, कारण येणारी गाडी किती लांब आहे हे त्याला उमगत नाही. लिफ्टमध्ये तो शिरत नाही. अनोळखी माणसाने दंडाला धरलं की जमिनीवर बसकण मारतो. पण मैदानाच्या फेऱ्या? त्या त्याला येत होत्या. सुरुवातीला आई बरोबर चालायची, मग दोन पावलं मागे, मग मैदानाच्या फाटकाशी, आणि अखेर एका हिवाळ्यात ती खिडकीत राहिली आणि तो एकटा गेला. घराच्या दारातून निघून, फाटक उघडून, फेऱ्या मारून, परत येऊन त्याने बेल वाजवली तेव्हा बाई पोळ्यांची कणीक हाताला तशीच ठेवून रडल्या. दिल्ली एवढी मोठी, पण माझ्याशिवाय जाऊ शकेल अशी जागा त्याला अखेर एक मिळाली, असं त्या विठ्ठलरावांना म्हणाल्या. आपल्यामागे या मुलाचं काय, हा घोर तसा कमी झाला नाही. पण रात्री झोप लागायला लागली.

विठ्ठलराव गेल्यावर अक्षता, धाकटी मुलगी, म्हणाली, "आई, दोघं गुरुग्रामला या आमच्याकडे." सतराव्या मजल्यावर घर, खाली बाग, बागेत धावायला लाल रबरी पट्टी. सगळं चकाचक. नेलं चिन्मयला. लिफ्टशी अडला तो जिन्याने सतरा मजले चढला, आणि दुसऱ्या दिवशी खाली बागेत गार्डने "कौन से टॉवर से हो, सर?" म्हणून वाट अडवली तशी तिथेच बसला. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की असा माणूस मुलांच्या आसपास एकटा नको. असा माणूस! हेमलताबाईंनी त्याच संध्याकाळी बॅग भरली. "तुमची लाल पट्टी तुम्हांला लखलाभ," एवढं जावयाला ऐकवलं आणि टॅक्सीत बसल्या.

वसंतवाटिकेत तसं नव्हतं. मैदानात गवत कमी आणि धूळ जास्त, क्रिकेटचा गोंगाट, कोपऱ्यात पाण्याच्या टाकीखाली पत्ते कुटणारे म्हातारे. पण चिन्मय आला की पोरं चेंडू धरून ठेवायची. "भैया को निकलने दे, यार!" एखादा म्हातारा रोज विचारायचा, "आज कितने राउंड, चिन्मय?" आणि चिन्मय रोज सांगायचा, "बहुत."

याच मैदानावर भाद्रपदात महाराष्ट्र मंडळाचा गणपती बसायचा. वसाहतीतली आणि आसपासची मराठी घरं, बहुतेक सगळी सरकारी नोकरीतली. महाप्रसादाची सूत्रं हेमलताबाईंकडे. त्यांच्या मसालेभातात डाव घालायची कुणाची छाती नव्हती. मंडळाचे अध्यक्ष सूर्यकांत निगुडकर. उपसंचालक म्हणून निवृत्त झाले, पण साहेबपणा काही निवृत्त झाला नाही. बोलणं गोड, इतकं गोड की ऐकणाऱ्याला तहान लागावी. एका वर्षी पाऊस लागून मांडव खाली बसला आणि मोदकांची परात चिखलात गेली. तेव्हापासून साहेबांनी एकच धोशा लावला होता. माईक हातात आला की सुरू: "मंडळी, या दिल्लीत हिंदूरावांच्या नावाने अख्खं इस्पितळ उभं आहे! रिजवर जा आणि बघा. मराठी माणसाचं नाव दिल्लीच्या टेकडीवर आहे, आणि आपल्या गणपतीच्या डोक्यावर? ताडपत्री!" टाळ्या पडायच्या. हेमलताबाईही वाजवायच्या. हॉल हवा असं कुणाला वाटत नव्हतं? टाकीशेजारी एक पत्र्याची शेड, दोन नळ, बायकांना कपडे बदलायला एक खोली. बाईंच्या डोळ्यांसमोर हॉल एवढाच होता.

मग नकाशेवाले आले. पुढल्या वीस वर्षांत कुठल्या जागेचा वापर कशासाठी व्हावा, याचा वस्त्यांसाठी सरकारी आराखडा व्हायचा होता, आणि तो लोकांना विचारून करायचा होता. ऐकायला काय छान! गुरुग्रामच्या कुठल्याशा कंपनीची सृष्टी नावाची मुलगी एका रविवारी मोठ्ठा नकाशा घेऊन मैदानात आली. टेबलावर नकाशा पसरला आणि रंगीत गोल स्टिकर ठेवले. बायकांनी लगेच त्यांचं नाव टिकल्या ठेवलं. पिवळी टिकली म्हणजे घरं, लाल म्हणजे दुकानं, हिरवी म्हणजे मोकळी जागा, निळी म्हणजे लोकांच्या सोयी. शाळा, दवाखाना, सभागृह वगैरे. ज्याला जिथे जे हवं, त्याने तिथे ती टिकली लावायची.

आता बघा, दुसरं कुणी असतं तर आलं असतं, चार टिकल्या लावून चहा पिऊन गेलं असतं. बहुतेकांनी तर तेवढंही केलं नाही. पंजाबी मंडळी सत्संगाला, जैन मंडळी कुणाच्या लग्नाला, बाकीचे क्रिकेटच्या मॅचला चिकटलेले. पण आपली माणसं! सभा म्हटली की अंगात येतं. निगुडकरांनी आधल्या आठवड्यात मंडळाची विशेष बैठक लावली होती. बैठकीत रीतसर ठराव: मंडळाच्या सर्व सभासदांनी मैदानावर निळी टिकली लावावी. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. अनुमोदन कोण देणार म्हणून साहेबांनी पाहिलं आणि म्हणाले, "हेमलताताईंशिवाय शोभा नाही." ताई फुलल्या. हात वर केला. हरकत आहे का कुणाची? नाही. ठराव एकमताने संमत. शिस्तीचे केवढे भोक्ते आपण! रविवारी सगळी घरं वेळेच्या आधी, इस्त्रीचे कपडे घालून, रांगेत. प्रत्येकाने मैदानावर निळी टिकली लावली. हेमलताबाईंनी चष्मा लावून टाकीजवळचा कोपरा शोधला आणि अगदी नेमकी तिथे लावली. सृष्टीने फोटो काढला आणि म्हणाली, "वाव आंटी, आप लोग कितने ऑर्गनाइज़्ड हो!"

त्या "ऑर्गनाइज़्ड"चं बाईंना पुढे कित्येक दिवस कौतुक होतं.

हिवाळा सरता सरता वसाहतीच्या फाटकावर आराखड्याचा मसुदा लागला. मोठा फ्लेक्स. पोळीवर तूप सांडावं तसा निळा रंग मैदानभर पसरला होता. हिरव्याचा ठिपका नाही. खाली लिहिलं होतं: सामुदायिक केंद्र, तीन मजले, तळघरात पार्किंग, खासगी भागीदारीतून. हेमलताबाईंनी तीन वेळा वाचलं. मग सृष्टीला फोन लावला. "बेटा, आम्ही कोपरा म्हणालो होतो. टाकीपाशी."

"आंटी, प्लॅन में कोना नहीं होता," सृष्टी समजावणीच्या सुरात म्हणाली. "प्लॉट होता है। पूरे प्लॉट का एक यूज़ लिखते हैं। और आपके ग्राउंड पर तो सब ब्लू ही था। ग्रीन किसी ने लगाया ही नहीं।"

खरंच की. हिरवी कुणी लावलीच नव्हती. मैदान तर आहेच, ते मागायचं कशाला, असं प्रत्येकाला वाटलेलं. फायलींत जन्म गेलेल्या बाईला हे सुचू नये? हेमलताबाईंना स्वतःचीच चीड आली. फोन ठेवून त्यांनी खिडकीतून पाहिलं. चिन्मय टाकीपाशी वळत होता.

त्या तडक निगुडकरांकडे गेल्या. साहेब सोफ्यावर मांडी घालून बसले होते आणि मोटारीच्या किल्लीने कान कोरत होते. बाईंना बघून किल्ली टीपॉयवर ठेवली आणि त्याच हाताने बशीतला लाडू पुढे केला. "या ताई! तोंड गोड करा. हॉल आला!"

"निगुडकरसाहेब, मैदान गेलं. तुम्ही बोर्ड वाचलात का?"

"वाचलाय ना." साहेब हसले. "अहो, शेड मागितली होती, महाल मिळाला. चालवणारी पार्टी चांगली आहे, मी भेटलोय. वर्षातले दहा दिवस हॉल मंडळाचा, फुकट. लेखी नाही, पण शब्द आहे. आणि सल्लागार समितीवर मराठी माणूस हवाच, असा त्यांचाच आग्रह."

मराठी माणूस कोण, हे विचारायची गरज नव्हती. नव्या कुर्त्यातून तो बाईंकडे बघून हसतच होता.

"उरलेले दिवस तिथे काय होणार?"

"लग्नं, बारशी, कॉन्फरन्सेस. चलता है, ताई. विकास म्हटला की थोडं हलावं लागतं."

"आणि माझा चिन्मय? तो कुठे जाईल?"

साहेबांनी चेहरा मवाळ केला. तो त्यांना हवा तेव्हा करता येई. "चिन्या आमचा नाही का? गच्चीवर ट्रॅक करायला सांगतो त्याच्यासाठी. लिफ्ट आहे ना."

"लिफ्ट?" बाई म्हणाल्या. "सहा वर्षं ओळखता त्याला. लिफ्ट?"

तेव्हा साहेबांचा गोडवा जरा पातळ झाला. "बघा ताई, वाईट वाटून घेऊ नका. पण एका माणसाच्या फेऱ्यांसाठी चाळीस घरांचं स्वप्न मोडायचं का? आणि ठरावाला अनुमोदन तुमचंच आहे हो."

लाडू बशीत परत ठेवून हेमलताबाई उठल्या आणि खाली येऊन इमारतीच्या नळावर हात धुतले, दोनदा. मेल्याने माझ्या पोराचं नाव घेऊन मला गच्ची दाखवली, असं पुटपुटत त्या घरी आल्या.

मग घरोघर फिरल्या. मसुद्यावर आक्षेप घ्यायला मुदत होती, मग सुनावणी, आणि तिथे लोक बरोबर हवे होते. काय माणसं, काय माणसं! दारात "या ना काकू, बसा ना", आणि विषय निघाला की नजर टीव्हीकडे. "तुमचं बिल्कुल बरोबर आहे, ताई, पण मंडळात वाईटपणा कोण घेणार?" एकीने तर विचारलं, "लेकीच्या लग्नाला हॉलमध्ये डिस्काउंट मिळेल का हो?" जिच्या नातवाच्या बारशाला हेमलताबाईंनी अख्ख्या मांडवाचा स्वयंपाक केला होता, तीच ही. क्रिकेटवाली पोरं तेवढी पेटून उठली, पण त्यांना विचारतो कोण? त्यांची नावं मतदारयादीत नव्हती. पत्ते कुटणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी दोघे यायला तयार झाले. सुनावणीच्या सकाळी एकाचं ब्लडप्रेशर वाढलं आणि दुसरा त्याच्याजवळ बसला.

सुनावणीला हेमलताबाई चिन्मयला घेऊन गेल्या. त्याला बघून तरी कुणाला पाझर फुटेल, असं त्यांच्या मनात होतं; पुढे याच विचाराची त्यांना लाज वाटली. सरकारी सभागृह. खुर्च्यांच्या हातांना चिकट काहीतरी, कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये गुटख्याची लाल पिंक वाळलेली. मंचावरचे अधिकारी समोसा खाऊन टाचणीने दात कोरत बसलेले. बाईंचं नाव पुकारलं. त्या पाठ करून आल्या होत्या. वसाहतीत दुसरी मोकळी जागा नाही. लोकांनी शेड मागितली, इमारत नाही. लग्नाच्या गाड्या या गल्लीत मावायच्या नाहीत. माझा मुलगा आहे, त्याला इथे एवढीच जागा आहे. शेवटचं वाक्य म्हणताना आवाज चिरकला, आणि ते त्यांना आवडलं नाही.

अधिकाऱ्यांनी टाचणी खिशाला लावली. "लेकिन मैडम, ये तो रेज़िडेंट्स की ही डिमांड है ना?"

मागून निगुडकर उठले. हात जोडून, मान कलती करून. "सर, हमारी सबसे सीनियर मेंबर हैं। प्रस्ताव का अनुमोदन इन्होंने ही किया था। थोड़ी इमोशनल हैं, बेटे की वजह से।" असं म्हणत त्यांनी पुढे येऊन चिन्मयच्या पाठीवर हात ठेवला. "हमारा ही बच्चा है।"

परक्या हाताने चिन्मय आक्रसला आणि खाली बसला. सभागृहातले लोक मान वळवून बघायला लागले. काही जणांनी च्‌च्‌ केलं. अधिकारी म्हणाले, "नोटेड, मैडम. नेक्स्ट."

नोटेड! हेमलताबाईंनी हा शब्द नोकरीत हजारदा लिहिला होता. त्याचा अर्थ त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी चिन्मयसमोर उकिडवं बसून, तो उठेपर्यंत वाट पाहिली आणि त्याला घेऊन बाहेर पडल्या. निगुडकर दारापर्यंत सोडायला आले. "ताई, महाप्रसाद मात्र तुमचाच हं!" त्या माणसाच्या तोंडावर थुंकावं असं बाईंना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. थुंकल्या नाहीत, कारण भिंतीवर आधीच पुरेसं थुंकलेलं होतं.

मैदानाभोवती पत्रे लागले. पहिल्या दिवशी चिन्मय नेहमीसारखा निघाला, फाटक होतं तिथे पत्रा दिसला, त्यावर तळहात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग पत्र्याला हात लावत बाहेरून चालायला लागला. बाहेर म्हणजे रस्ता. सिमेंटचे ट्रक, ई-रिक्षा, उलट्या बाजूने घुसणारे मोटरसायकलवाले. बाई चपला न घालता धावल्या आणि ट्रकच्या पुढ्यातून त्याला ओढून आणला. ड्रायव्हरने आईबहिणीवरून शिवी दिली. त्या दिवसापासून दाराला आतून कुलूप. चिन्मय सकाळी बूट घालायचा आणि दाराशी बसायचा. "आई, राउंड?" बाई म्हणायच्या, "उद्या." काही महिन्यांनी त्याने विचारणं सोडलं, मग बूट घालणंही सोडलं. त्याचं पोट सुटलं, दिवसा झोपायला लागला. अक्षता फोनवर म्हणाली, "शांत झालाय ना आता?" बाईंनी फोन ठेवून दिला.

हॉलचा लोखंडी सांगाडा भराभर चढला. खिडकीतून येणारं ऊन गेलं, त्या जागी सोनेरी काचा आल्या. आणि मग लग्नं. शी, काय सांगावं! जनरेटरचा धूर थेट फोडणीत. रात्रीची जेवणं उरकली की कोंबडीची हाडं, दह्याने माखलेल्या प्लेटा, वितळलेलं आइस्क्रीम, सगळं खिडकीखाली. सूटबूट घातलेले पाहुणे बाईंच्या भिंतीशी उभे राहून मोकळे व्हायचे आणि आतून बाई ओरडल्या की "सॉरी आंटी" म्हणून पुरतं उरकूनच जायचे. मंडळातल्या चार घरांनी खिडक्या बंद करून एसी लावले. तक्रार? कुणाकडे? सल्लागार समितीकडे, जिचे अध्यक्ष निगुडकर.

गणपती आले. मंडळाला हॉल मिळाला खरा, पण दहा दिवस नाही, दीड. बाकीच्या तारखा आधीच बुक होत्या. साहेबांनी त्याला "सुटसुटीत उत्सव" असं नाव दिलं. महाप्रसाद हॉलच्या केटररचा, पनीर आणि नूडल्स. बायका बोलवायला आल्या तेव्हा हेमलताबाईंनी दारातूनच सांगितलं, "तुमच्या त्या काचेच्या डब्यात मी पाऊल टाकायची नाही. मला उलटी होते." बायका समजावत राहिल्या, वर्षाचा एक सण, बाप्पाचा काय दोष वगैरे. बोलणं वाढलं, बाईंचा आवाज चढला, आणि दार उघडं आहे याचं भान कुणालाच राहिलं नाही. समोरून आरतीचे सूर यायला लागले. झांजा ओळखीच्या होत्या. बाईंनी मागे वळून पाहिलं तर चिन्मयची खुर्ची रिकामी.

त्या धावल्या. हॉलच्या काचेच्या दारात काळ्या कपड्यातला बाउन्सर होता, त्याला ढकलून आत शिरल्या. आत झुंबरं, पांढऱ्या कापडाच्या खुर्च्या, मंचावर गणपती, गणपतीपुढे निगुडकर ताट घेऊन, शेजारी कुणी प्रमुख पाहुणे. आणि भिंतीच्या कडेकडेने, सोनेरी वॉलपेपरला हात लावत, घरातल्या पायजम्यात, अनवाणी, चिन्मय चालत होता. खुर्ची आडवी आली की थांबायचा, वळसा घालून पुन्हा भिंतीला लागायचा. मैदानाची कड जिथून जायची, बहुतेक तिथूनच हॉलची भिंत गेली होती. त्याच्या चेहऱ्यावर, वर्षभर जे दिसलं नव्हतं ते, हसू होतं.

आधी लोक दचकले. काहींनी मुलांना जवळ ओढलं. मग निगुडकरांनी पाहिलं. माणूस पक्का! एका क्षणात माईक हातात. "बघा मंडळी, बघा! आमच्या चिन्मयची भक्ती! बाप्पाला प्रदक्षिणा घालतोय!" कडाडून टाळ्या पडल्या. मोबाइल वर झाले. प्रमुख पाहुण्यांना फोटोचा वास आला, ते मंचावरून उतरले आणि हात जोडून चिन्मयच्या मागे चालायला लागले. त्यांच्यामागे समितीचे चार जण. त्यांच्यामागे बायका. मंगलमूर्ती मोरया!

मागे माणसांची रांग बघून चिन्मय थांबला. भिंतीला पाठ लावली. हसू गेलं.

हेमलताबाई मंचावर चढल्या. आयुष्यात त्या इतक्या शांत कधी नव्हत्या. निगुडकरांच्या हातातून त्यांनी माईक काढून घेतला.

"ही प्रदक्षिणा नाही," त्या म्हणाल्या. "तो फिरायला आलाय. इथे मैदान होतं. ते आपण सगळ्यांनी मिळून घालवलं, मीही त्यात होते. आता निदान देवाच्या नावाने तरी माझ्या मुलाच्या मागे चालू नका. मला तुमची किळस येते." मग म्हणाल्या, "माझीही येते."

निगुडकर माईककडे हात नेत कुजबुजले, "ताई, पाहुणे आहेत. आवरा त्याला. मागच्या दाराने न्या."

"तो कुठेही जाणार नाही," बाई माईकमध्येच म्हणाल्या, आणि माईक ताटातल्या निरांजनाशेजारी ठेवून खाली उतरल्या.

रांग आपोआप विरली. प्रमुख पाहुण्यांना कुणाचा तरी फोन आला. हेमलताबाई चिन्मयजवळ गेल्या, त्याला हात लावला नाही, फक्त म्हणाल्या, "चाल बाळा. मी आहे." त्याने पुन्हा भिंतीला हात लावला आणि निघाला. भिंतीलगतच्या खुर्च्या एकेक करून बाजूला सारत बाई पुढे चालल्या, मागून तो. आरती कुणीतरी पुन्हा सुरू केली. फेऱ्या मारणं, एवढी एकच गोष्ट त्याला आईशिवाय करता येत होती. आता तिच्यासाठीही आई लागत होती, आणि आईचं वय अडुसष्ट होतं.